दिवा दिसावा, पण ऐकू येऊ नये: आवाजावर उजळणारं गिटार पेडल

गिटारचा आवाज मुद्दाम फाडणाऱ्या डिस्टॉर्शन पेडलमध्ये एलईडी बसवणं सोपं आहे. तार छेडली की तो उजळावा आणि सूर विरत गेला की मंदावत जावा, हेही फार कठीण नाही. कठीण आहे ते हे, की दिवा स्पीकरमधून ऐकू येता कामा नये. घरी बनवलेली अशी अनेक पेडलं इथेच फसतात. दिवे सुरेख नाचतात, पण गेन (सिग्नल किती पटींनी वाढतो ते प्रमाण) वाढवला की त्यांच्यासोबत गुणगुण, टिकटिक किंवा सुराच्या कडेला एक घाणेरडी खरखर येते.

कारण साध्या गुणाकारात आहे. गिटारमधून येणारा सिग्नल साधारण १०० ते २०० मिलिव्होल्टचा असतो आणि इथलं सर्किट तो २१४ पटींपर्यंत वाढवू शकतं. एलईडीचा ५ मिलिअँप प्रवाह आणि ऑडिओचा ग्राउंड एकाच बारीक वायरीतून परत येत असतील आणि त्या वायरीचा व सांध्यांचा रोध ०.१ ओहम असेल, तर तिथे ०.५ मिलिव्होल्ट तयार होतात. तेवढे इनपुटला चिकटले की पूर्ण गेनवर आउटपुटला १०० मिलिव्होल्टहून जास्त दिसतात, म्हणजे जवळजवळ गिटारच्या मूळ सिग्नलइतके. म्हणून खालची सगळी रचना एकाच गोष्टीभोवती आहे: आवाजाचा आणि प्रकाशाचा प्रवाह कुठेही एका वाटेने जाऊ द्यायचा नाही.

आवाजाची बाजू

ऑडिओसाठी एक टीएल०७२ पुरते. या आयसीत दोन ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारे भाग असतात. पहिला बफर (सिग्नल न वाढवता पुढे देणारा), दुसरा गेन. गेनचा भाग एमएक्सआर डिस्टॉर्शन प्लस आणि डीओडी २५० यांच्या घराण्यातला आहे. १९७०च्या दशकातली ही दोन अमेरिकन पेडलं ७४१ या एकेरी ऑप-अँपवर चालत. भाग मोजकेच आणि प्रत्येकाचं काम कानाला कळतं, म्हणून पहिल्या पेडलसाठी याहून चांगलं सर्किट मिळणार नाही.

इनपुटपासून ग्राउंडला १ मेगओहमचा रेझिस्टर. मग २२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, आणि त्यानंतर पिन ३ वर अर्ध्या व्होल्टेजकडे (पुरवठ्याच्या निम्मं; ते कसं बनवायचं ते पुढे ‘वीज आणि ग्राउंड’मध्ये) जाणारा आणखी एक १ मेगओहम. पिन १ आणि २ जोडल्या की बफर तयार. गिटारला समोर दोन १ मेगओहम समांतर, म्हणजे ५०० के (किलोओहम) दिसतात. पिकअपचा (तारांची कंपनं पकडणारा गिटारमधला भाग) वरचा सूर दबू नये यासाठी एवढं पुरतं.

पिन १ थेट पिन ५ ला जोडा. पिन ७ ते पिन ६ मध्ये १ मेगओहम आणि त्याला समांतर २२ पिकोफॅरड. पिन ६ पासून ग्राउंडकडे ओळीने ४.७ के, ५०० के चा गेन पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर) आणि ४७ नॅनोफॅरड. पॉट शून्यावर असताना गेन १ + १०००/४.७, म्हणजे सुमारे २१४. याच ठिकाणी एक गंमत दडलेली आहे. ४.७ के आणि ४७ नॅनोफॅरड मिळून ७२० हर्ट्झच्या खालचा गेन कमी करत नेतात. त्यामुळे गेन वाढवला की जाड तारांचा आवाज आपोआप आवळला जातो आणि कॉर्ड वाजवली तरी चिखल होत नाही. गेन कमी असताना हीच मर्यादा ७ हर्ट्झच्या आसपास सरकते आणि आवाज भरीव राहतो. ४७ च्या जागी १०० नॅनोफॅरड लावला तर पूर्ण गेनवरही खर्ज वाढतो. बदल करायचाच असेल तर पहिला इथे करा.

पिन ७ नंतर १ मायक्रोफॅरड, मग १० के, आणि त्यापुढच्या जोडावर एकमेकांना उलट लावलेले दोन १एन४१४८ डायोड ग्राउंडला. सिग्नल ०.६ व्होल्टच्या पुढे गेला की डायोड त्याचं डोकं कापतात आणि तेच आपलं डिस्टॉर्शन. त्याच जोडावर १ नॅनोफॅरड ग्राउंडला, आणि तिथूनच १०० के लॉग व्हॉल्यूम पॉट.

गेन पॉट उलट लॉग (फिरवताना रोध समप्रमाणात न बदलणारा), म्हणजे सी५००के लागतो. तो मिळाला नाही तर साधा लिनिअर चालतो, पण मग सगळी करामत फिरवण्याच्या शेवटच्या थोड्याशा भागात गोळा होते. त्यापेक्षा ए५००के लॉग पॉट उलटा जोडलेला बरा. डावीकडे फिरवल्यावर गेन वाढतो एवढंच.

प्रकाशाची बाजू

पहिला प्रश्न असा की दिव्याने कोणता सिग्नल पाहायचा. आउटपुटवरून घ्यावा असं साहजिकच वाटतं, पण तिथे डायोडांनी सगळं एका उंचीला कापलेलं असतं. हळू वाजवा की जोरात, उंची तीच, त्यामुळे एलईडी एकदा लागला की सूर पार विरेपर्यंत तसाच राहतो. बोटांचा जोर दिसायला हवा असेल तर सिग्नल कापण्याआधी, म्हणजे बफरच्या पिन १ वरूनच काढावा लागतो. पॉट कुठेही असले तरी मग दिवा हाताचंच ऐकतो.

पिन १ पासून १० के, मग १०० नॅनोफॅरड, मग १०० के ट्रिमरचं (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) वरचं टोक. ट्रिमरचं खालचं टोक प्रकाशाच्या बाजूच्या स्वतंत्र अर्ध्या व्होल्टेजला, मधली पिन एलएम३५८ (प्रकाशाच्या बाजूची दोन ऑप-अँपची आयसी) च्या पिन ३ ला. पिन १ ते २ मध्ये २२० के, आणि पिन २ पासून ४.७ के व १ मायक्रोफॅरड ओळीने ग्राउंडला. गेन झाला ४८.

आता हलता सिग्नल एका दिशेच्या व्होल्टेजमध्ये बदलायचा. एलएम३५८ च्या पिन १ पासून १ के, मग ४.७ मायक्रोफॅरड (धन टोक ऑप-अँपकडे). त्याच्या दुसऱ्या टोकाला दोन १एन४१४८: एक ग्राउंडकडून या जोडाकडे वाहणारा, दुसरा या जोडाकडून पुढे १ मायक्रोफॅरडच्या साठवण कपॅसिटरकडे वाहणारा. डायोड इथे सायकलच्या पंपातल्या झडपेचं काम करतात. प्रत्येक कंपनाला थोडा भार पुढे ढकलला जातो, मागे येत नाही. साठवण कपॅसिटर म्हणजे बुडाला बारीक भोक असलेला रांजण, आणि ते भोक म्हणजे त्याला समांतर लावलेला २२० के. १ मायक्रोफॅरड गुणिले २२० के म्हणजे ०.२२ सेकंद, एवढ्या वेळात पातळी सुमारे ३७ टक्क्यांवर येते. झटपट तालासाठी १०० के लावा. लांबवलेल्या सुरांसाठी ४७० के चांगला दिसतो, पण वेगवान रिफमध्ये त्याने दिवा विझतच नाही.

या दोन डायोडांचा एक फायदा सहसा लक्षात येत नाही. दोघांचे मिळून साधारण १.२ व्होल्ट भरल्याशिवाय काहीच पुढे जात नाही. ४८ च्या गेनने भागलं तर पिकअपकडून शिखर ते शिखर सुमारे २५ मिलिव्होल्ट यायला हवेत. ५० हर्ट्झची घरगुती हम सहसा त्याच्या खाली असते, त्यामुळे गिटार नुसती गळ्यात अडकवलेली असताना दिवा थरथरत नाही. वेगळं नॉइज गेट लावायची गरज नाही.

साठवण कपॅसिटरचं व्होल्टेज एलएम३५८ च्या पिन ५ ला. पिन ७ पासून १ के मार्गे बीसी५४७ ट्रान्झिस्टरचा बेस. एमिटर पिन ६ ला आणि १ के मार्गे ग्राउंडला. कलेक्टरवर एलईडीचं ऋण टोक. ऑप-अँप एमिटरचं व्होल्टेज साठवण कपॅसिटरइतकंच ठेवतो, म्हणून एलईडीतला प्रवाह थेट त्या व्होल्टेजच्या प्रमाणात राहतो: १ व्होल्टला १ मिलिअँप, जास्तीत जास्त ५ च्या आसपास. हाय-ब्राइटनेस एलईडीला तेवढा भरपूर आहे. लाल किंवा पिवळा उत्तम. निळ्या-पांढऱ्याला सुमारे ३ व्होल्ट लागत असल्याने तो वरच्या टोकाला जरा आधीच थांबतो.

एक छोटा पण आवश्यक भाग: कलेक्टरपासून ग्राउंडला १० के. तो नसेल तर न वाजवता थांबलात की दिवा पूर्ण विझतो आणि पेडल चालू आहे की बंद हेच कळत नाही. १० के मुळे ०.६-०.७ मिलिअँप सतत वाहतो आणि मंद उजेड राहतो.

टीएल०७२ आणि एलएम३५८ यांच्या पिना तंतोतंत सारख्या आहेत, आणि म्हणूनच इथे घोटाळा होतो. प्रकाशाच्या बाजूला टीएल०७२ बसवली तर ती ९ व्होल्टच्या एकेरी पुरवठ्यावर ग्राउंडजवळचं व्होल्टेज नीट वाचू शकत नाही आणि आउटपुटही तिथवर खाली आणू शकत नाही. परिणामी एलईडी कायम पेटलेला. उलट एलएम३५८ ऑडिओच्या जागी लावली तर आवाज येतो, पण बारीक सुरात एक कर्कश खरखर मिसळते. सॉकेटशेजारी मार्करने नाव लिहून ठेवा.

हेच काम अर्दुइनो आणि रंगीत एलईडी पट्टीने करता येत नाही का? येतं, पण अडचणींची रांग वाढते. अर्दुइनो उनो बहुतेक पिनांवर ४९० हर्ट्झने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करतो, आणि ४९० हर्ट्झ म्हणजे मधल्या सप्तकातल्या ‘बी’च्या जवळचा स्वर, गिटारच्या अगदी मध्यभागी. डब्ल्यूएस२८१२ सारखे एलईडी पूर्ण पांढऱ्यावर प्रत्येकी ६० मिलिअँपपर्यंत प्रवाह घेतात आणि तोही तुटक. पहिल्या पेडलमध्ये हे नको. वरच्या सर्किटमधला प्रवाह गुळगुळीत चढतो-उतरतो, आणि थोडं काही गळलंच तरी ते वाजत असलेल्या सुराचंच असतं, परकी शिट्टी नसते.

वीज आणि ग्राउंड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

अडॅप्टर ९ व्होल्ट डीसी, मधली पिन ऋण. गिटार पेडलांमध्ये हीच पद्धत रूढ आहे. घरातले राउटर आणि सीसीटीव्हीचे अडॅप्टर बहुधा याच्या उलट, मधली पिन धन असलेले असतात आणि त्यांचा जॅकही तसाच बसतो. म्हणून जॅकच्या धन टोकानंतर लगेच १एन५८१७ डायोड ओळीत लावा. त्यात पाव व्होल्ट जातो, पण उलटा अडॅप्टर लागला तर काहीही जळत नाही. सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर २५ व्होल्टचे घ्या, म्हणजे चुकून १२ व्होल्ट लागले तरी निभावतं.

डायोडनंतर दोन फाटे. ऑडिओकडे १०० ओहम आणि मग ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड. प्रकाशाकडे वेगळा १०० ओहम आणि २२० मायक्रोफॅरड. प्रत्येक आयसीच्या पिन ८ आणि ४ च्या अगदी जवळ १०० नॅनोफॅरड. एलईडीचा प्रवाह आता स्वतःच्या टाकीतून येतो आणि त्याची चढउतार ऑडिओपर्यंत पोहोचायला तिला दोन गाळण्या पार कराव्या लागतात. अर्धं व्होल्टेजही दोन्हीकडे वेगळं: ऑडिओला दोन १० के आणि ४७ मायक्रोफॅरड, प्रकाशाला दोन ४७ के आणि १० मायक्रोफॅरड. एकच जोडी वाचवायला गेलात तर पंपाचे धक्के सरळ गेनच्या इनपुटला मिळतात.

ग्राउंडच्या वायरी तीन: ऑडिओची, प्रकाशाची आणि इनपुट जॅकची. तिन्ही डीसी जॅकच्या ऋण टोकावरच एकत्र याव्यात, त्याआधी कुठेही नाही. तांब्याच्या पट्ट्या असलेल्या व्हेरोबोर्डवर एकच लांब ग्राउंडची पट्टी वापरायचा मोह होतो. ती मधोमध कापा.

डीसी जॅक प्लास्टिकचाच हवा. मधली पिन ऋण म्हणजे बाहेरचं कवच धन. धातूचा जॅक ॲल्युमिनियमच्या डब्याला टेकला की ९ व्होल्ट थेट ग्राउंडला मिळतात.

डबा, भोकं, सामान

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे आयसी, रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, व्हेरोबोर्ड सहज मिळतात. नऊ पिनांचा ३पीडीटी फूटस्विच आणि ओतीव ॲल्युमिनियमचा डबा ऑनलाइन मागवणं सोयीचं. डबा १२५बी मापाचा घ्या, सुमारे १२२ × ६६ × ३९ मिलिमीटर. त्याहून छोट्या १५९०बी मध्ये दोन आयसींचा बोर्ड बसतो, पण वायरी एकमेकींवर चढतात, आणि इथे वायरींमधलं अंतर हाच तर मुद्दा आहे.

भोकं पाडण्याआधी प्रत्येक वस्तूचा आटा कॅलिपरने मोजा. साधारणपणे फूटस्विचला १२ मिमी, गिटार जॅकला १० मिमीच्या आतबाहेर, १६ मिमीच्या पॉटला ७ ते ७.५ मिमी लागतात. मोठ्या जुन्या पद्धतीच्या पॉटला जास्त. सेंटर पंचाने खूण, मग ३ मिमीचं भोक, मग स्टेप ड्रिल. उजेडासाठी ३ मिमी जाडीच्या दुधी ॲक्रिलिकचा तुकडा खिडकीसारखा लावून एलईडी त्याच्या १० ते १५ मिमी मागे ठेवला तर टोचणारा ठिपका न दिसता पूर्ण खिडकी उजळते.

फूटस्विचच्या नऊ पिना तीन स्तंभांत पाहा. पहिल्या स्तंभाची मधली पिन इनपुट जॅकला, वरची सर्किटच्या इनपुटला. दुसऱ्याची मधली आउटपुट जॅकला, वरची व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पिनला. या दोन स्तंभांच्या खालच्या पिना एकमेकींना जोडा; हा झाला बायपास, म्हणजे पेडल बंद असताना सिग्नलची सरळ वाट. तिसऱ्याची मधली प्रकाशाच्या पुरवठ्याला, वरची एलईडीच्या धन टोकाला. पिनांवर सोल्डरिंग गन दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. आतलं प्लास्टिक वितळून स्विच अडकतो आणि तो दुरुस्त होत नाही.

इनपुट जॅक ते स्विच आणि स्विच ते बोर्ड या वायरी शील्डेड घ्या. शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा. एलईडीच्या दोन वायरींना एकमेकींभोवती पीळ द्या आणि डब्याच्या दुसऱ्या कडेने न्या.

तपासणी

आयसी सॉकेटमध्ये घालण्याआधी वीज द्या. दोन्ही पिन ८ वर ८.५ ते ८.८ व्होल्ट, अर्ध्या व्होल्टेजच्या जागी त्याच्या निम्मे. वीज काढून फक्त टीएल०७२ घाला आणि पुन्हा मोजा: पिन १ आणि ७ वर ४.२ च्या आसपास हवेत. पिन ३ वर मात्र कमी दिसेल आणि ते चूक नाही. तिथे १ मेगओहममधून व्होल्टेज येतं आणि १० मेगओहमचा मल्टिमीटर त्यातला जवळजवळ दहावा भाग खातो. अगदी स्वस्त, १ मेगओहमचा मीटर असेल तर निम्मंच दिसतं. या वाचनावर विसंबून बरोबर असलेला बोर्ड उकलू नका. पिन १ वर विश्वास ठेवा.

आधी फक्त आवाज पूर्ण जमवा. गेन शेवटपर्यंत नेऊन किती हिस्स (फुसफुस) आहे ते कानात ठेवा. मगच एलएम३५८ घाला. हिस्समध्ये काहीही नवीन मिसळलं तर ते प्रकाशाच्या बाजूचंच आहे हे नक्की कळतं. दोन्ही बाजू एकदम चालू केल्या तर दोष शोधायला संध्याकाळ जाते.

काय बिघडतं

वीज देताच एलईडी एकदा जोरात चमकून विझतो: हा दोष नाही. ऑप-अँपचं आउटपुट शून्यावरून अर्ध्या व्होल्टेजवर उडी घेतं आणि पंप तीही मोजतो.

मंद उजेड आहे पण वाजवल्यावर वाढत नाही: पंपातला एखादा डायोड उलटा, नाहीतर ट्रान्झिस्टर उलटा. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ मध्ये हाच क्रम उलट असतो. दुकानातून बदली म्हणून मिळालेला ट्रान्झिस्टर त्याच भोकांत घातला की हेच होतं. उजेडच नसेल तर आधी एलईडीची दिशा पाहा.

गेन वाढवल्यावर शिट्टी वाजते: या सर्किटमध्ये आउटपुट इनपुटच्याच दिशेने हलतं, उलट नाही. त्यामुळे आउटपुटची वायर इनपुटच्या वायरीजवळून गेली तर दोन वायरींमधली काही पिकोफॅरडची कपॅसिटन्स आवाज परत आत नेते आणि तो स्वतःलाच वाढवत राहतो. व्हॉल्यूम पॉटची वायर इनपुटपासून दूर नेली की शिट्टी थांबते. फूटस्विचवर हे दोघे शेजारीच येतात, म्हणून तिथे शील्डेड वायर शक्य तितकी शेवटपर्यंत न्या.

वाजवताना सुराच्या सुरुवातीला खरखर: ट्रिमर शून्यावर आणा. खरखर गेली तर पंपाचे धक्के ऑडिओत येत आहेत. प्रकाशाची ग्राउंड वायर सोडवून थेट डीसी जॅकवर नव्याने लावा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर प्रकाशाचा २२० मायक्रोफॅरड उलटा किंवा सुटा आहे का पाहा.

स्विच दाबल्यावर ‘टप्प’: इनपुटचा १ मेगओहम बोर्डच्या बाजूला, कपॅसिटरच्या आधी आहे ना ते बघा. तो नसेल तर २२ नॅनोफॅरडवर साचलेला भार स्विच जोडल्या क्षणी गिटारच्या वाटेने मोकळा होतो.

ट्रिमर असा लावा: जाड ई तार मोकळी, नेहमीच्या सर्वांत जोरात हाताने वाजवा आणि उजेड नुकताच कमाल होईल तिथे थांबा. सिंगल-कॉइल आणि हंबकर पिकअपमध्ये पातळीचा फरक मोठा असतो, त्यामुळे एका गिटारला जमलेली जागा दुसरीला जमत नाही. डब्याच्या खालच्या झाकणाला ट्रिमरच्या समोर ३ मिमीचं भोक ठेवलं तर बारीक स्क्रूड्रायव्हरने बाहेरूनच फिरवता येतो. हमचा अंतिम अंदाज मात्र झाकणाचे चारही स्क्रू आवळल्यावरच घ्या. उघड्या डब्यातली निम्मीअधिक गुणगुण शील्ड पूर्ण झाल्यावर निघून जाते.